बारा टक्के उजेड

आमच्या कचेरीत नवा माणूस आला की त्याला आधी खुर्ची मिळत नाही, आधी खुर्चीचा उहदा मिळतो. उहदा म्हणजे सरकारी वस्तू तुमच्या नावावर चढणं. वस्तू सरकारची, घोर तुमच्या जिवाला. ती हरवली, फुटली, नुसती ओरखडली तरी जाब तुम्ही द्यायचा. माझ्या नावावर एक टेबल, एक खुर्ची आणि एक कचऱ्याची टोपली आहे. टोपलीला भोक पडलं तेव्हा तीन आठवडे मला जेवण गोड लागलं नव्हतं.

ही कफ्र अन-नख्ल गावची कालवे-नोंद कचेरी. कोणत्या शेताला कोणत्या वारी पाणी, याच्या नोंदी आम्ही ठेवतो. आम्ही दोघंच: मी, म्हणजे वगीह, आणि मदाम सनिया. एका खोलीत समोरासमोर वीस वर्षं काढली. नऊ वर्षांपूर्वी जुन्या वह्या जाऊन संगणक आला. संगणकाचं खोकं मुख्य कचेरीच्या नावावर राहिलं आणि मॉनिटर चढला मदाम सनियांच्या नावावर. काम त्यावर मी करणार होतो. पण त्या वरिष्ठ, म्हणून उहदा त्यांचा. याला आमच्याकडे मान म्हणतात.

मॉनिटर खोक्यातून काढताना त्यांनी असे दोन्ही हात पुढे केले, की नातवंडच घेतायत असं वाटावं.

"प्लास्टिक काढायचं नाही," त्या म्हणाल्या.

"मदाम, मागे हवेसाठी भोकं असतात. कोंडून मरेल तो."

"भोकं मी कात्रीने पाडीन. प्लास्टिक राहणार."

आठवड्याभरात त्यांनी हिरव्या लोकरीचं क्रोशाचं आवरण विणून आणलं, समोर चौकट मोकळी ठेवून. कोपऱ्यात दृष्ट लागू नये म्हणून निळा मणी. आणि खालच्या बाजूला जी चार-पाच बटणं होती, त्यांच्यावर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी, एकावर एक तीन थर. उजेड कमी-जास्त करायची बटणं तीच.

"बटण हे दाबल्यामुळे बिघडतं," त्यांनी मला समजावलं. "दाबलंच नाही तर बिघडेल कसं?"

मी मान डोलावली आणि कामाला बसलो.

मॉनिटर कारखान्यातून आला तसा पूर्ण उजेडात होता. दिवसभर त्याच्याकडे बघून दुपारी माझे डोळे गळायला लागायचे. मी विनवण्या केल्या. चिकटपट्टीचा एक कोपरा फक्त उचलू द्या म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांच्या मुलीला पळवून न्यायची परवानगी मागतोय. दोन वर्षं मी डोळ्यांत औषध घालून काढली. मग एक दिवस इंटरनेटवर शोधता शोधता मला एक छोटासा प्रोग्रॅम सापडला. तो केबलमधून थेट मॉनिटरलाच हुकूम देतो. पडद्यावर एक आडवी पट्टी येते. तिच्यावरची खूण माउसने डावीकडे ओढली की उजेड कमी, उजवीकडे ओढली की जास्त. बटणाला बोटही लावायचं नाही. आणि एकदा हुकूम दिला की मॉनिटर तो लक्षात ठेवतो, मग संगणक बंद करा की चालू करा.

पहिल्या दिवशी मी शंभरवरून ऐंशीवर आणलं. त्या चहाला गेल्या होत्या. परत आल्या, पडद्याकडे पाहिलं, मण्याकडे पाहिलं, आणि बसल्या. मला जो काही आनंद झाला तो काय सांगू! चिकटपट्टी जागेवर, मणी जागेवर, आणि उजेड माझ्या मुठीत. त्या उन्हाळ्यात साठ केलं. पुढच्या वर्षी चाळीस. माणसाला अंधाराची सवय होते आणि मग थोडा अजून हवासा वाटतो. शेवटी मी बारावर येऊन थांबलो. बारा टक्के उजेडात मला अगदी झाडाखाली बसल्यासारखं वाटायचं.

पण रोज दुपारी एक तास त्या खुर्चीत मदाम सनिया बसायच्या. मी भरलेल्या नोंदी तपासायला.

"वगीह, हा सात आहे की आठ?"

"आठ, मदाम."

"मॉनिटर म्हातारा झाला की मी?"

"दोघंही माशा अल्ला ठणठणीत आहात," मी म्हणायचो.

त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, दोष काही फारसा दिसत नाही, पण तुम्हीच म्हणताय तर नंबर वाढवून देतो. नवा चष्मा आला. दोन वर्षांनी आणखी एक आला. डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलं. मदाम सनियांनी क्रोशाची सुई बंद केली. मधल्या सुट्टीत त्या पूर्वी विणायच्या, आता हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसायच्या. मला दिसत होतं. आज सांगू, उद्या सांगू, असं मी रोज ठरवायचो. पण सरकारी संगणकावर विनापरवानगी प्रोग्रॅम बसवणं म्हणजे चौकशी. शिवाय इतक्या दिवसांनी सांगायचं तर इतके दिवस का नाही सांगितलं, तेही सांगावं लागलं असतं. तोंडाला कुलूप लावून बसणं सोपं होतं. मी सोपं ते केलं.

गेल्या वर्षी मदाम सनिया साठ वर्षांच्या झाल्या. महिनाअखेरीच्या गुरुवारी निवृत्ती. शुक्रवारची मर्सा मतरूहची गाडी त्यांनी धरून ठेवली होती. तिथे त्यांची मुलगी राबिया, लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर पहिल्यांदा दिवस गेलेले, आणि बाळंतपण त्याच आठवड्यात. आता फक्त सुटकेचा कागद हवा होता. त्याचं खरं नाव फार लांब आहे, सगळे सुटकेचा कागदच म्हणतात. त्यावर अकरा सह्या लागतात. दहा झाल्या. अकरावी कोठाराचे साहेब, म्हणजे आमच्या भाषेत उस्ताज, शाफेई यांची, उहदा परत घेतल्याची. ती मिळेपर्यंत निवृत्त माणसाने रोज येऊन हजेरी लावायची, असा नियम आहे. आमचे एक सहकारी झुंबराच्या एका काचेपायी निवृत्तीनंतर चौदा महिने येत होते.

निवृत्तीला आठवडा असताना, गुरुवारी, उस्ताज शाफेई आपली जाडजूड नोंदवही घेऊन आले. शिक्का त्यांच्या आतल्या खिशात साखळीला बांधलेला असतो. त्यांनी वाचलं, "मॉनिटर एक. अवस्था: तेजस्वी, स्वच्छ. बटणे: झाकलेली." मग वाकून पडद्याकडे पाहिलं. मग अजून वाकले.

"तेजस्वी कुठाय?"

"असेल की हो आतच," मदाम सनिया म्हणाल्या. "माझे डोळे गेलेत, मला नाही दिसत."

"माझे नाही गेलेले." त्यांनी तिथेच अहवाल लिहिला: मॉनिटरचे तेज नष्ट, अक्षरे कष्टाने वाचता येतात. क्रमांक घातला, शिक्का मारला. "मंगळवारी समिती येईल. वयोमानाने गेलं असेल तर सही. हलगर्जीने गेलं असेल तर कायदा विभाग."

"कायदा विभाग म्हणजे किती दिवस?"

"दिवस?" उस्ताज शाफेईंना या शब्दाची गंमत वाटली. ते हसत हसतच गेले.

मदाम सनिया आवरणाचा हिरवा काठ सारखा करत राहिल्या. "आठ वर्षं मी कोणाला बोट लावू दिलं नाही," त्या म्हणाल्या. "वगीह, तू साक्षीला आहेस. कोणी बोट लावलं का?"

"नाही मदाम. कोणीच बोट लावलं नाही," मी म्हटलं, आणि ते शब्दशः खरं होतं. एवढी लाज मला कधीच वाटली नव्हती.

शुक्रवार-शनिवार सुट्टी होती. रविवारी सकाळी मी ठरवूनच आलो. चहावाली उम्म हाशिम ट्रे घेऊन उभी होती. तिला हाकललं असतं तरी ती गेली नसती, म्हणून मी तिच्यादेखतच बोललो.

"मदाम, जरा इकडे या. बसा."

मी तो प्रोग्रॅम उघडला आणि खूण उजवीकडे ओढली. तीस. साठ. शंभर. हिरव्या लोकरीच्या चौकटीत एकदम पांढरंशुभ्र झालं. नोंदींची अक्षरं काळी कुळकुळीत उभी राहिली.

मदाम सनिया पडद्याजवळ सरकल्या. त्यांनी वाचायला सुरुवात केली. "अबू तालिबचा पाट, चौथी पाळी, मंगळवार." मग त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पर्समधून त्याच्या आधीचा काढला, तो घातला आणि पुढची ओळ वाचली. मग तोही काढला. पर्सच्या तळातून अगदी जुना, एक दांडी दोऱ्याने बांधलेला चष्मा काढला आणि त्याने तिसरी ओळ वाचली.

"हा माझा आठ वर्षांपूर्वीचा चष्मा आहे," त्या म्हणाल्या.

"हो, मदाम."

"याने दिसतंय."

"हो."

"केव्हापासून?"

"सहा वर्षं," मी म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं. पट्टी, खूण, ऐंशी, साठ, बारा.

उम्म हाशिमने ट्रे टेबलावर आपटला. "वा उस्ताज वगीह! बाईंच्या डोळ्यांतला उजेड चोरलात आणि वर साखर कमी घाल म्हणून मला दटावता!"

मदाम सनिया ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "राबियाला दिवस गेल्याचा फोन आला ना, तेव्हा मी रडले," त्या हळूच म्हणाल्या. "सगळ्यांना वाटलं आनंदाने. बाळाची टोपी विणायला डोळे राहिले नाहीत म्हणून रडले रे मी."

मला मान वर करता येईना. पण बाई रडत नव्हत्या. त्या पुढची ओळ वाचत होत्या.

तेवढ्यात उस्ताज शाफेई समितीच्या वेळेचा निरोप घेऊन आत आले आणि दारातच थबकले.

"हा मॉनिटर कुठून आणला?"

"तोच आहे," मी म्हटलं. "उजेड मीच कमी केला होता, आता वाढवला. मॉनिटरला काही झालेलं नाही. द्या सही."

"कशाने वाढवला? चिकटपट्टी तर जागच्या जागी आहे."

"प्रोग्रॅमने."

"प्रोग्रॅम कोणाच्या उहद्यात आहे?"

मी माउस सोडला. ते खुर्ची ओढून बसले. उम्म हाशिमने मुकाट्याने त्यांच्यापुढे माझा चहा ठेवला.

"हे बघा," ते म्हणाले, "गुरुवारी मी अंधार लिहिला. क्रमांक पडला. आज इथे उजेड आहे. म्हणजे एकतर माझा अहवाल खोटा, नाहीतर मॉनिटर बदललेला. सत्तावीस वर्षांत माझा अहवाल खोटा ठरलेला नाही. म्हणजे मॉनिटर बदललेला. सरकारी मॉनिटर बदलणं म्हणजे काय ते कळतं ना?"

"अहो, पण मी तुम्हाला दाखवतो, हे असं ओढलं की..."

"मला दाखवू नका! मला दिसलं तर मला लिहावं लागेल." त्यांनी डोळे मिटून घेतले, खरंच मिटले. "मंगळवारी समितीला माझ्या अहवालातला अंधार दिसला, तर मी स्वतः 'वयोमानाने' असं लिहून घेतो. बाई शुक्रवारी गाडीत. उजेड दिसला, तर बाई कायदा विभागात आणि उस्ताज वगीह तुम्हीही शेजारच्या बाकावर."

"ऐकलंत?" उम्म हाशिम म्हणाली. "उजेड पडला की चौकशी."

मी माउस हातात घेतला.

"थांब," मदाम सनिया म्हणाल्या. "एक मिनिट बघू दे."

त्यांनी अख्खं पान वाचलं, मोठ्याने, एकेक शेतकरी, एकेक वार, कुठेही न अडखळता. उस्ताज शाफेई मिटल्या डोळ्यांनी चहा पीत ऐकत होते. पान संपल्यावर मदाम सनियांनी तो दोरा बांधलेला चष्मा घडी करून हातात धरला आणि मला म्हणाल्या, "कर."

मी वीसवर आणलं. उस्ताज शाफेईंनी डोळे उघडले, अहवाल काढला, त्यातलं 'कष्टाने' वाचलं आणि पडद्याकडे बघितलं. "कष्ट कमी पडतायत."

मी बारावर आणलं.

"हां. हे कष्ट बरोबर आहेत."

मंगळवारी समिती आली. उस्ताज शाफेई, हिशेब विभागाचे एक जण, ते पूर्ण वेळ फोनवर, आणि मुख्य कचेरीचे एक इंजिनिअर. इंजिनिअरने पडदा पाहिला, मान हलवली. आमचा जीव भांड्यात पडतोय तोच त्यांनी माउस धरला आणि इकडे तिकडे करता करता त्यांना तो प्रोग्रॅम दिसला.

"हे काय आहे? परवानगी आहे याला?"

मी तोंड उघडलं तर मदाम सनियांचं कोपर माझ्या बरगडीत बसलं.

"पुसतो," ते म्हणाले, आणि पुसलाच. वर संगणकाला कुलूपही घातलं, यापुढे त्याच्यावर कोणालाही काही बसवता येणार नाही असं. मॉनिटर बारावरच राहिला. त्याला शेवटचा हुकूम तोच होता. मग इंजिनिअरचा हात चिकटपट्टीकडे गेला. "बटणं चालतात का?"

उस्ताज शाफेई ताडकन उठले. "बटणे झाकलेली, असं नोंदवहीत आहे! उघडी दिसली तर मला नवीन नोंद करावी लागेल." हिशेबवाल्यांनी फोन कानाला तसाच ठेवून मान डोलावली. इंजिनिअरला दुपारची गाडी होती. त्यांनी हात मागे घेतला. उस्ताज शाफेईंनी चिकटपट्टीवर कागदाची पट्टी लावून वर शिक्काही मारला, म्हणजे आता तिला हात लावणं हा गुन्हाच.

निर्णय असा झाला: तेज वयोमानाने नष्ट, बाईंची हलगर्जी नाही. मॉनिटर चालू असल्याने मोडीत काढता येत नाही. सबब तो प्रत्यक्ष वापरणाऱ्याच्या, म्हणजे उस्ताज वगीह यांच्या उहद्यात द्यावा. अवस्था: अंधुक. परत करताना याच अवस्थेत परत घेतला जाईल.

मी सही केली. मला निवृत्त व्हायला अकरा वर्षं आहेत.

गुरुवारी निरोपाला बसबूसा, म्हणजे रव्याची पाकातली वडी, होती. सगळ्यांचं खाऊन झाल्यावर मदाम सनियांनी मला बाजूला घेतलं आणि एक हाताने लिहिलेला कागद पुढे केला. "सही कर."

मी वाचलं. 'चष्मे दोन. अवस्था: उत्तम, ओरखडा नाही. प्राप्तकर्ता: वगीह.' खाली त्यांची सही, तारीख, आणि शिक्का नव्हता म्हणून उम्म हाशिमच्या चहाच्या ग्लासचा गोल डाग. कागदाखाली ते दोन्ही चष्मे, लोकरीच्या हिरव्या पिशवीत. पिशवी नवीन होती. टाके इतके बारीक, की मला पिशवी खिडकीजवळ नेऊन बघावं लागलं.

"मला आता यांचा उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "तुला होईल."

मी सही केली. त्या शुक्रवारच्या गाडीने गेल्या. रविवारी राबियाला मुलगी झाली, आणि टोपी वेळेत पोचल्याचं उम्म हाशिमने मला तीनदा सांगितलं.

आता जून महिन्यात वार्षिक तपासणी होते. उस्ताज शाफेई दारातूनच विचारतात, "अंधार आहे ना?" मी आहे म्हणतो. ते खूण करतात आणि पुढच्या खोलीत जातात. यंदापासून मला जवळचं कमी दिसायला लागलं आहे. सात की आठ, ते पटकन कळत नाही, आणि विचारायला समोर कोणी नाही. मदाम सनियांच्या पहिल्या चष्म्याचा नंबर मला जुळत नाही, दुसऱ्याने डोकं दुखतं. सकाळी मी पहिला घालतो आणि जेवणानंतर दुसरा.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मागे बाळ ओरडत होतं.

"चष्मे नीट आहेत ना रे?"

"आहेत मदाम."

"ओरखडा?"

"एकही नाही."

"जप. तुझ्या सुटकेच्या कागदावर बारावी सही माझी लागणार आहे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. माझ्या निवृत्तीच्या दिवशी बाई मर्सा मतरूहहून कफ्र अन-नख्लला येतील, याची मला पूर्ण खात्री आहे.